गरीब नि होतकरू

'ॲस्पायरिंग रायटर' हे दोन शब्द मी आजवर इतक्या ठिकाणी लिहिलेत, पण त्याला मराठीत काय म्हणतात हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. परवा बाबांनी सांगितलं. म्हणाले, "होतकरू." म्हणजे 'गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना मोफत वह्यावाटप' मधला होतकरू! आता आयटीतल्या माणसाला कुणी गरीब म्हणणार नाही (पाच तारखेला ईएमआय कापून गेल्यावर म्हणायला हरकत नाही), पण होतकरू मात्र मी अस्सल आहे. वय वर्षं २८, त्यातली शेवटची ७ वर्षं होतकरू.

होतकरू कशाचा? तर फँटसी लेखक होण्याचा. जादू, तलवारी, हरवलेली राज्यं, ड्रॅगन वगैरे. हे सांगितलं की ऑफिसातले निम्मे लोक "म्हणजे हॅरी पॉटर ना?" असं विचारतात आणि उरलेले निम्मे कीव आल्यासारखं बघतात.

माझ्या कादंबरीचं नाव 'द नाईन्थ लँप'. इंग्रजीत, अर्थातच. तिच्यासाठी नऊ राज्यांचा नकाशा आहे. राजघराण्यांच्या अकरा पिढ्यांच्या वंशावळी आहेत (आमच्या स्वतःच्या घराण्यात मला पणजोबांच्या मागचं नाव सांगता येत नाही, पण ते सोडा). जादू कशी चालते याचा फ्लोचार्ट आहे. काम शिस्तीत व्हावं म्हणून जिरावर बोर्डसुद्धा उघडला होता. जिरात मोठ्या कामाला 'एपिक' म्हणतात, आणि माझं तर खरोखरच एपिक होतं, या विनोदावर मी एकटाच दोन दिवस खूश होतो. थोडक्यात, सगळं आहे. नाहीये ती फक्त कादंबरी. पहिलं प्रकरण चौदा वेळा लिहून झालंय. बाहेर बर्फ पडतोय, टॅव्हर्नमध्ये शेकोटी पेटलीय, दार उघडून एक परका माणूस आत येतो. हे पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मी बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिला होता. चौथं प्रकरण कधी सुरूच झालं नाही.

सबबी मात्र माझ्याकडे उत्तम प्रतीच्या होत्या. टोल्किननं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९३७ च्या डिसेंबरात लिहायला घेतलं आणि ते छापून आलं १९५४-५५ मध्ये, मग मला कसली घाई? ब्रँडन सँडरसनची विद्यापीठातली लेक्चर्स यूट्यूबवर फुकट आहेत, ती कंपनीच्या बसमध्ये बसून दोनदा बघितली. त्याची छापून आलेली पहिली कादंबरी 'एलांट्रिस' २००५ ची, आणि ती त्यानं लिहिलेली सहावी होती. यातून मी घेतलेला बोध काय, तर उशीर सगळ्यांनाच होतो! हॉटेलच्या काउंटरवर रात्रपाळी करत तो पठ्ठ्या एकामागून एक कादंबऱ्या शेवटच्या पानापर्यंत नेत होता, हा भाग मी सोयीस्करपणे गाळला. नोव्हेंबर महिन्यात ५०,००० शब्द लिहायचा 'नॅनोरायमो' नावाचा एक उपक्रम १९९९ पासून चालायचा. त्यात मी तीनदा नाव नोंदवलं आणि तिन्ही वेळा दिवाळी नाहीतर रिलीज मधे आडवी आली. २०२५ मध्ये ती संस्थाच बंद पडली. माझ्यामुळे नाही.

लिहिण्यापेक्षा मला एक गोष्ट मात्र फार झकास जमायची. कन्व्हेन्शनला जाणं.

पहिल्यांदा गेलो ते इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना, मुंबईच्या कॉमिक कॉनला. तेव्हा ते गोरेगावच्या एक्झिबिशन सेंटरमध्ये भरायचं. मी गँडाल्फ व्हायचं ठरवलं. राखाडी झगा आईच्या जुन्या पडद्याचा. छातीपर्यंत रुळणारी पांढरी दाढी नि जटा नाटकवाल्यांच्या ड्रेपरीच्या दुकानातून दिवसाच्या भाड्यानं. हातात ट्रेकिंगची काठी. अंगावर हा सगळा सरंजाम चढवून पहाटे पुण्याहून सिंहगड एक्स्प्रेस पकडली, कारण गोरेगावला जाऊन कपडे कुठे बदलायचे ते माहीत नव्हतं. आता सिंहगडची पासवाली मंडळी एरवी सख्ख्या भावाला चौथी सीट देणार नाहीत. पण मला बघून एक काका चक्क उठले. "या महाराज, बसा." मी बसलो. लोणावळ्यापर्यंत एका आजींनी पायाला हात लावून मुलाच्या लग्नाचं विचारलं. मी घोगऱ्या आवाजात "होईल, होईल" म्हणालो. (आजी, झालं असेल तर माझं श्रेय काही नाही. नसेल झालं तर माफ करा.)

गोरेगावला पोचलो तर आत आणखी चार गँडाल्फ! पाचही जण ओळीनं उभे राहून फोटो काढले. त्यातला एक सीए करत होता, एक मेडिकलला होता. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला कुणी "हे कशासाठी?" असं विचारलं नाही. आमच्या घरी, नात्यात, कॉलेजात, कुठलीही गोष्ट केली की हा प्रश्न येतो. तिथे नाही आला. ज्यांना हे वेड नाही त्यांना ही चैन समजणार नाही. मग मी दरवर्षी जायला लागलो. पुणे-मुंबई झालं, एकदा सुट्टी टाकून बंगळूर. आणि प्रत्येक वेळी परत येताना असं वाटायचं की आपण लेखनाचं काहीतरी मोठं काम करून आलोय!

२०२४ मध्ये कंपनीनं आठ महिन्यांसाठी एडिनबराला पाठवलं. ऑनसाईट मिळाल्याचा लोकांना पगारासाठी आनंद होतो. मला झाला तो त्या वर्षीचं वर्ल्डकॉन ग्लासगोला होतं म्हणून. तारखा ८ ते १२ ऑगस्ट. एडिनबराहून ग्लासगो गाडीनं जेमतेम तास.

वर्ल्डकॉन म्हणजे फँटसी आणि विज्ञानकथावाल्यांची पंढरी. पहिलं १९३९ मध्ये न्यूयॉर्कला भरलं. याचं वैशिष्ट्य असं की हे कुठली कंपनी भरवत नाही. वाचकच भरवतात. दारावर बॅज तपासणाऱ्यापासून वरच्या अध्यक्षापर्यंत सगळे बिनपगारी. तिथे तिकीट काढत नाहीत, सभासद होतात, आणि १९५३ पासून दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार कुणाला द्यायचा याला हे सभासदच मत देतात. आपल्या साहित्य संमेलनाचा मांडव, गणेशोत्सवाचे कार्यकर्ते आणि कॉलेजचं गॅदरिंग एकत्र केलं तर साधारण अंदाज येईल. फरक इतकाच की व्यासपीठावर मंत्री नसतात.

क्लाईड नदीच्या काठी एक्झिबिशन सेंटर, शेजारी खवल्या मांजरासारखं दिसणारं आर्माडिलो नावाचं सभागृह. तिथे नावनोंदणी करताना बॅजवर काय छापायचं ते आपणच कळवायचं असतं. मी माझ्या नावाखाली छापून घेतलं: फँटसी लेखक. 'ॲस्पायरिंग' गाळलं. म्हटलं, परदेशात कोण बघतंय!

पहिले दोन दिवस हवेत गेले. टेरी विंडलिंग नावाच्या बाई, फँटसीच्या संपादनातलं फार मोठं नाव, त्या वर्षीच्या मानाच्या पाहुण्यांपैकी एक. त्या माझ्यासमोरून कॉफी घेऊन गेल्या. जादूच्या अर्थशास्त्रावर चर्चा, नकाशांवर चर्चा, घोडे एका दिवसात किती चालू शकतात यावरही चर्चा. मी वह्या भरल्या.

शनिवारी 'टेबल टॉक' होता. एका लेखकासोबत आठ-दहा वाचकांनी टेबलाभोवती बसून गप्पा मारायच्या, असा तो प्रकार. आमच्या टेबलावर पन्नाशीच्या एक बाई होत्या. चार कादंबऱ्या छापून आलेल्या, नोकरी अजून चालू, पेन्शनच्या हिशेबांची. त्यांनी आमचे बॅज वाचले आणि म्हणाल्या, "इथे बरेच लिहिणारे दिसतायत. एकेकानं सांगा, तुम्ही शेवटची पूर्ण केलेली गोष्ट कुठली?"

छापलेली नव्हे. पूर्ण केलेली.

माझ्या उजवीकडच्या पोरीनं, असेल एकोणीस-वीसची, सांगितलं की गेल्या महिन्यात एक झाली, २,००० शब्दांची, फारशी जमली नाही. पलीकडचा ट्रकड्रायव्हर म्हणाला, कादंबरी, तिसरी, कुणी घेत नाहीये. माझी पाळी आली. मी नकाशाबद्दल बोलायला लागलो. नऊ राज्यं, अकरा पिढ्या. बाईंनी दोन मिनिटं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "छान आहे. आणि गोष्ट?" त्यात टोमणा अजिबात नव्हता, म्हणून जास्त लागलं. डेमोला क्लायंटनं "हे बटण दाबून बघू का?" म्हणावं आणि त्या बटणामागे काहीच लिहिलेलं नसावं, तसं झालं.

त्याच संध्याकाळी दुसरा झटका. कॉनमध्ये अर्धा वेळ रांगेत जातो. अशाच एका रांगेत पोलंडचा एक दंतवैद्य माझ्या पुढे होता. मी महाराष्ट्रातला म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले. "तुंबाड!" २०१८ चा राही अनिल बर्वेंचा सिनेमा त्यानं चार वेळा पाहिला होता. म्हणाला, "यामागे एका मराठी लेखकाची कथा आहे असं वाचलं. नारायण धारप. तू तर लेखक, तेही मराठी, तू सगळं वाचलं असशील. कसा आहे तो?"

मी धारपांची एक ओळ वाचली नव्हती.

"ग्रेट," मी म्हणालो. "क्लासिक." आणि विषय बदलला. बॅज हळूच शर्टाच्या आत सरकवला.

इकडे संध्याकाळचे सहा, तिकडे रात्रीचे साडेदहा. नदीच्या कठड्याला टेकून घरी फोन लावला. बाबा जागे होते. विचारलं, "बाबा, तुम्ही नारायण धारप वाचलेत?"

पलीकडे दोन क्षण शांतता. मग जे सुरू झालं ते पाऊण तास थांबलं नाही. एमएसईबीत ३४ वर्षं काढलेला, जेवताना "भाजीत मीठ आहे" एवढंच बोलणारा हा माणूस! कराडला असताना कोपऱ्यावरच्या लायब्ररीतून रोज एक पुस्तक बदलून आणायचे. धारपांचा समर्थ, 'लुचाई' (ही स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वरून केलेली, हे बाबांना माहीत होतं, मला नाही), अनंत अंतरकरांचं 'नवल', जी. ए. कुलकर्णींच्या 'रमलखुणा'. "त्यातली 'इस्किलार' वाच. तुझ्या त्या नकाशांपेक्षा बरी आहे," म्हणाले. म्हणजे माझ्या नकाशांचं त्यांना माहीत होतं! मग जरा थांबून, "मी पण एक पाठवली होती रे गोष्ट. सत्त्याऐंशी साली. एका मासिकाला."

"मग?"

"साभार परत. मग तुझ्या ताईच्या वेळची गडबड, मग बदली... राहिलंच."

मी २७ वर्षं या माणसाच्या घरात वाढलो आणि हे मला ग्लासगोच्या पुलाखाली कळलं. "तुझी कुठवर आली?" त्यांनी विचारलं. "चाललीय," म्हणालो. "लवकर कर. आणि छापशील तेव्हा अक्षर मोठं ठेव."

हे अक्षराचं काय, ते डिसेंबरात परत आल्यावर कळलं. मधुमेहानं डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालाय. इंजेक्शनं चालू होती. मला कळवू नका असं त्यांनी आईला बजावलं होतं. पेपरचे मथळे वाचतात, खालचा मजकूर आई वाचून दाखवते.

बरं, एवढं झाल्यावर माणसानं दुसऱ्या दिवशी लिहायला बसावं की नाही? मी नाही बसलो. रविवारी रात्री आर्माडिलोमध्ये ह्यूगोचा सोहळा पाहिला. सर्वोत्कृष्ट कादंबरी एमिली टेश यांची 'सम डेस्परेट ग्लोरी'. बाई शाळेतल्या मुलांना लॅटिन आणि ग्रीक शिकवतात, आणि ही त्यांची पहिलीच कादंबरी! मी टाळ्या वाजवल्या, परत आलो, रिलीज, अप्रेझल, पुण्याला परत, नवा प्रोजेक्ट. नऊ महिने असेच गेले.

२० मे २०२५ ला जयंत नारळीकर गेले. त्या दिवसांत त्यांची एक जुनी हकीकत सगळीकडे पुन्हा सांगितली गेली. तुम्हीही वाचली असेल. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथा स्पर्धा ठेवली होती. नारळीकर तेव्हा जगप्रसिद्ध. हॉईल-नारळीकर सिद्धांत मांडून दहा वर्षं झालेली, पद्मभूषणही मिळालेलं. त्यांना गोष्ट पाठवायची होती, पण नावाकडे बघून कुणी बक्षीस द्यायला नको होतं. म्हणून आपली आद्याक्षरं उलटी केली आणि 'नारायण विनायक जगताप' या नावानं 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. पहिलं बक्षीस मिळालं. पुढे हेच गृहस्थ २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

ही हकीकत मी आईच्या तोंडून ऐकली, ती बाबांना पेपर वाचून दाखवत होती तेव्हा. मी चहा घेत होतो. माझ्या टेबलाच्या खिळ्याला ग्लासगोचा बॅज लटकत होता. नारळीकरांनी गोष्ट पाठवली आणि नाव लपवलं. मी नाव छापून गळ्यात घातलं होतं आणि गोष्टच नव्हती. इतकी साधी गोष्ट कळायला मला पौंडात सभासदत्व घ्यावं लागलं.

त्या शनिवारी 'द नाईन्थ लँप'चं फोल्डर बाजूला ठेवलं आणि मराठीत लिहायला बसलो. "मातृभाषेची ओढ" वगैरे काही नाही हो, कारण अगदी व्यावहारिक होतं. बाबा इंग्रजी कादंबरी वाचत नाहीत. आणि एक वाचक तर हाताशी असलेला बरा.

गोष्टीची जागा नाणेघाट. कॉलेजात असताना ट्रेकला गेलो होतो. सातवाहनांच्या काळातली जुन्नरकडे चढणारी वाट, गुहेत नागणिका राणीचा शिलालेख, आणि घाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. माझ्या गोष्टीत ज्याच्याकडे नाणं नसेल त्यानं रांजणात एक नाव टाकायचं. टाकलं की ते नाव तो कायमचा विसरतो. एक व्यापारी येतो, खिसा रिकामा, वर चढणं तर भाग आहे. बस. वंशावळ नाही, फ्लोचार्ट नाही. सात शनिवार लागले. मधल्या तीन शनिवारी वाटलं की आधी घाटाचा नकाशा काढावा. नाही काढला. शेवटचं वाक्य लिहिल्यावर काय करायचं तेच सुचेना, कारण तिथवर कधी पोचलोच नव्हतो. गच्चीवर जाऊन आलो.

२४ पॉइंटात प्रिंट काढली. ४६ पानं झाली. बाबांना दिली आणि ऑफिसला पळालो. प्रॉडक्शन डिप्लॉयमेंटला लागत नाही एवढी धाकधूक.

बाबांनी तीन दिवस घेतले. दिवाणखान्यात दिव्याखाली बसून, भिंग घेऊन, दिवसाला पंधरा पानं. आईनं "मी वाचून दाखवू का?" विचारलं तर म्हणाले, "हे नको." चौथ्या दिवशी जेवताना म्हणाले, "तो घोडा कुठे गेला?"

"कुठला घोडा?"

"नवव्या पानावर त्या व्यापाऱ्यानं घाटाखाली झाडाला बांधलाय. मग तो वर गेला, नाव टाकलं, पुढे जुन्नरला गेला. घोडा तसाच बांधलेला. पाऊस चालू आहे. दाणापाणी कोण करणार?"

मी पान काढून बघितलं. खरंच की! ग्लासगोला घोड्यांच्या चर्चेला मी पहिल्या रांगेत बसून चार पानं टिपणं काढली होती.

"बाकी?" मी विचारलं.

"बाकी बरी आहे. रांजण चांगला आहे." मग भात कालवत, "मी असतो तर त्याला घोड्याचंच नाव टाकायला लावलं असतं."

आणि मंडळी, तीच गोष्ट गोष्टीत नव्हती! पुढच्या शनिवारी-रविवारी शेवट पुन्हा लिहिला. व्यापारी घोड्याचं नाव टाकतो, वर जातो, आणि खाली कुणीतरी खिंकाळतंय ते कोण हे त्याला आठवत नाही. जुलैअखेर एका दिवाळी अंकाला पाठवली. सप्टेंबरात उत्तर आलं. साभार परत. ईमेलमध्येही तेच दोन शब्द! बाबांना दाखवलं तर मोठ्यांदा हसले. कपाटातून एक पिवळा पडलेला कागद काढून आणला आणि माझ्या मोबाईलशेजारी ठेवला. अडतीस वर्षांत मजकुरात फारसा फरक पडलेला नाही.

कॉनला जाणं मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही. तो प्रश्न मला एका पेन्शनवाल्या बाईंनी विचारला आणि धारप एका दंतवैद्यानं दाखवले, दोघंही भेटले तिथेच. मुंबईच्या पुढच्या कॉनला पुन्हा दाढी लावून जाणार आहे. बॅजवर मात्र नुसतं नाव.

दुसरी गोष्ट लिहायला घेतलीय. सध्या अकराव्या पानावर आहे. बाबांचं पुढचं इंजेक्शन तीन आठवड्यांनी आहे, त्याआधी हातात द्यायचा विचार आहे. त्यांनी स्वतःची सत्त्याऐंशीची गोष्टही शोधायला काढलीय. माळ्यावरच्या ट्रंकेत असावी म्हणतात. शिडी धरायला मला बोलावतायत.

असो. उद्या सोमवार. साडेनऊला स्टँडअप.